खोकल्यात रक्त दिसलं तर लघवी पण तपासा

आपल्याकडे खोकल्यात रक्त दिसलं की पहिला शब्द टीबी, आणि भातलावणीचे दिवस असतील तर लेप्टो, म्हणजे उंदराच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप. बरोबरच आहे, त्या टेस्ट आधी व्हायलाच पाहिजेत. पण गुडपाश्चर म्हणून एक आजार आहे, वर्षाला दहा लाखांत एखाद्याला होणारा, त्यात शरीरातल्याच अँटीबॉडी फुफ्फुस आणि किडनी दोन्हीकडच्या बारीक पडद्यावर उठतात आणि किडनी काही दिवसा-आठवड्यांत बसते, म्हणून तो माहीत असलेला बरा.

छातीचं बघायचं तर थुंकीत लाल रेघ किंवा सरळ रक्त, दम लागणं, आणि माणूस पांढराफटक पडणं, कारण कधीकधी रक्त आतच झिरपतं, बाहेर थेंब दिसत नाही पण हिमोग्लोबिन उतरत जातं. बिडी-सिगरेटवाल्यांना हे जास्त. पेट्रोल, थिनरच्या वाफांचाही संबंध दिसलाय, तेव्हा बोटीच्या इंजिनावर किंवा रंगकामावर असाल तर डॉक्टरला तेही सांगा.

किडनी मात्र दुखत नाही, तीच खरी गोची. लघवी कोऱ्या चहासारखी, फेसाळ, कमी होते, सकाळी डोळे सुजतात, पाय सुजून चप्पल घट्ट होते. आणि कित्येकदा लघवीचा रंग नॉर्मलच असतो, रक्त फक्त मायक्रोस्कोपखाली दिसतं! म्हणून त्याच दिवशी लघवी रुटीन, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची टेस्ट) आणि सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी) करून घ्या, तालुक्याच्या लॅबमध्ये होतं सगळं. लघवीत रक्तपेशी-प्रोटीन आणि क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर डॉक्टरांना सरळ विचारा, अँटी-जीबीएम आणि एएनसीए या अँटीबॉडी शोधणाऱ्या रक्ताच्या टेस्ट करायच्या का. पुढे बहुतेक किडनीची बायोप्सी लागते.

लेप्टोतही फुफ्फुसात रक्त आणि किडनी फेल दोन्ही होतं, तिथेच गल्लत होते, पण त्यात सहसा सणकून ताप, पोटऱ्या ठणकणं, लाल डोळे, कधी कावीळ असते. ठरवायचं डॉक्टरांनीच.

उपचार आहेत, प्लाझ्मा एक्स्चेंज (मशीनने रक्तातला अँटीबॉडीवाला द्रव काढून बदलणं), स्टिरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड (अँटीबॉडी बनणं दाबणारं औषध), पण डायलिसिसवर गेल्यावर किडनी परत येणं कठीण, त्यामुळे "गणपती झाल्यावर बघू" हे इथे चालत नाही. गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर, मुंबई कुठेही न्या, प्लाझ्मा एक्स्चेंज होतं का ते आधी फोनवर विचारा. मधल्या काळात मेडिकलवरून अंगदुखीच्या गोळ्या आणून देऊ नका, आणि जुना क्रिएटिनिनचा रिपोर्ट घरात असेल तर तो फाईलमध्ये सगळ्यात वर लावा, किती झपाट्याने वाढलंय ते त्यावरूनच कळतं.