मुक्तस्रोत प्रकल्प नव्या संकेतस्थळावर हलवताना

मुक्तस्रोत प्रकल्पाचा परवाना कितीही मोकळा असला, तरी तो ज्या संकेतस्थळावर राहतो ते बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी मालकीचे असते. प्रकल्पांचा कोड ठेवणाऱ्या गूगल कोड या सेवेने मार्च २०१५ मध्ये बंद होण्याची घोषणा केली, ऑगस्टमध्ये तेथील प्रकल्प केवळ वाचण्यापुरते उरले आणि जानेवारी २०१६ मध्ये सेवा थांबली. २०१५ मध्येच गिटलॅब या अशाच संकेतस्थळाने गिटोरियस हे दुसरे संकेतस्थळ विकत घेतले आणि काही महिन्यांत ते मिटवले. मायक्रोसॉफ्टचे कोडप्लेक्स डिसेंबर २०१७ मध्ये बंद झाले. बिटबकेट चालू राहिले, पण २०२० मध्ये त्याने मर्क्युरियल या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या रिपॉझिटऱ्यांना (कोड आणि त्याचा इतिहास ठेवणाऱ्या भांडारांना) जागा देणे थांबवले. काही प्रकल्प मात्र कोणी हाकलल्याशिवाय, स्वतःच्या विचाराने हलले: लिनक्सच्या डेस्कटॉपचे प्रकल्प असलेले ग्नोम २०१८ मध्ये आणि केडीई २०२० मध्ये स्वतः चालवलेल्या गिटलॅबवर गेले.

पुढील मार्गदर्शन लहान गटांसाठी आहे. सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ठाणे आणि नवी मुंबईतील चारपाच जण टीएमटी आणि एनएमएमटीच्या बसमार्गांची माहिती देणारे एक अँड्रॉइड अ‍ॅप फावल्या वेळात सांभाळतात. कोणी नौपाड्यात राहतो, कोणी नेरूळला, कोणी ऐरोलीच्या आयटी पार्कमधून सुटल्यावर रात्री कोड तपासतो. प्रकल्प गिटहब या संकेतस्थळावर आहे आणि तो तेथून हलवायचा आहे. अशा गटाचा समज असतो की कोड उचलला म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात कोड हलवणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. खरे कष्ट त्या कोडभोवती साचलेली चर्चा आणि जगभर पसरलेले त्याचे पत्ते सांभाळण्यात असतात.

जागेची निवड

गिटलॅबची सार्वजनिक सेवा, बर्लिन येथे नोंदणी झालेल्या ना-नफा संस्थेने चालवलेले कोडबर्ग आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेले फोर्जेओ नावाचे सॉफ्टवेअर हे तीन मार्ग सहसा विचारात घेतले जातात. कोडबर्गही फोर्जेओवरच चालते आणि तेथे मुक्त परवाना असलेल्या प्रकल्पांनाच जागा मिळते, त्यामुळे परवान्याची फाइल रिपॉझिटरीत नसेल तर ती आधी घालावी. स्वतःचा सर्व्हर चालवण्याचा मोह चारपाच जणांच्या गटाने टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. ग्नोम किंवा डेबियनसारख्या मोठ्या प्रकल्पांकडे सर्व्हर सांभाळणारी माणसे आहेत. आपल्याकडे सुरक्षा दुरुस्त्या, बॅकअप आणि नको त्या नोंदण्यांचा बंदोबस्त हे सगळे एकाच्या गळ्यात पडते आणि त्याची नोकरी बदलली की सर्व्हर पोरका होतो.

यादी आणि बंदचा काळ

हलवण्यापूर्वी काय काय हलवायचे आहे ते लिहून काढावे. रिपॉझिटरीतील सर्व ब्रांच (कोडच्या समांतर शाखा) आणि टॅग (आवृत्त्यांच्या खुणा), एलएफएस या वेगळ्या साठ्यात ठेवलेल्या मोठ्या फाइली, विकी, इश्यू (दोष आणि सूचनांच्या नोंदी), पुल रिक्वेस्ट (कोडमधील बदल स्वीकारण्याच्या विनंत्या), प्रत्येक आवृत्तीसोबत जोडलेल्या एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायच्या फाइली, स्वयंचलित चाचण्यांची मांडणी, तेथे साठवलेली गुपिते (पासवर्ड आणि किल्ल्या), वेबहुक (बदल होताच दुसऱ्या सेवेला जाणाऱ्या सूचना) आणि प्रकल्पाचे पान इतक्या गोष्टी साधारणपणे निघतात. गिटहबवरील विकी ही गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीची स्वतंत्र रिपॉझिटरी असते आणि ती मुख्य रिपॉझिटरीच्या क्लोनमध्ये (उतरवून घेतलेल्या प्रतीत) येत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

त्यानंतर कोडचा मेगाब्लॉक जाहीर करावा. रेल्वे जशी रविवारच्या ब्लॉकची वेळ आणि स्थानके आधी कळवते, तसे अमुक दिवशी अमुक वेळेपासून जुन्या जागी कोणी काहीही ढकलू नये, नवा इश्यू उघडू नये आणि काम पूर्ण झाल्याची सूचना येईपर्यंत थांबावे, असे आठवडाभर आधी सर्वांना कळवावे. उघड्या पुल रिक्वेस्ट या काळापूर्वी शक्य तितक्या निकाली काढाव्यात. बाहेरच्या योगदानकर्त्याच्या फोर्कवर (त्याच्या खात्यातील प्रतीवर) उभी असलेली पुल रिक्वेस्ट नव्या जागी गेली, तरी तो फोर्क जुन्याच जागी राहतो, आणि तिच्यात पुढे बदल करणे सर्वांनाच अवघड होते.

कोड

जुन्या रिपॉझिटरीचा ‘मिरर’ हा पर्याय देऊन क्लोन काढावा. साध्या क्लोनमध्ये एकच स्थानिक ब्रांच हाती येते. मिररमध्ये सर्व ब्रांच, टॅग आणि इतर संदर्भ जसेच्या तसे येतात. हा क्लोन नव्या पत्त्यावर पुश केला, म्हणजे चढवला, की इतिहास तेथे पोहोचतो. इश्यूही न्यायचे असतील, तर पुश करण्याआधी पुढचा ‘इश्यू आणि त्यांचे क्रमांक’ हा भाग वाचावा. प्रत्येक कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) ओळख तिच्या आशयावरून ठरत असल्यामुळे कमिटचे क्रमांक बदलत नाहीत. एक खाच मात्र लक्षात ठेवावी. गिटहब पुल रिक्वेस्टचे संदर्भही मिररमध्ये देते आणि असे संदर्भ समोरचे संकेतस्थळ नाकारू शकते. तसे झाल्यास घाबरून न जाता केवळ ब्रांच आणि टॅग वेगळे पुश करावेत. एलएफएस वापरले असेल तर त्यातील सर्व फाइली स्वतंत्रपणे आणून स्वतंत्रपणे चढवाव्या लागतात. अन्यथा नव्या जागी वेळापत्रकाच्या पीडीएफऐवजी तीन ओळींचे निर्देशक तेवढे दिसतात.

शेवटी दोन्ही पत्त्यांवरील ब्रांच आणि टॅगची यादी ‘गिट एलएस-रिमोट’ने काढून ओळीस ओळ ताडून पाहावी. ही पडताळणी दोन मिनिटांची आहे आणि ती टाळण्याला कोणतीही सबब नाही.

स्थलांतराच्या निमित्ताने इतिहासाची सफाई करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. जुन्या मोठ्या फाइली काढाव्यात, चुकून कमिट झालेली नकाशासेवेची किल्ली पुसावी, असे वाटते. तसे करू नये. इतिहास पुन्हा लिहिला की त्या ठिकाणापासून पुढच्या सर्व कमिटचे क्रमांक बदलतात, सह्या केलेल्या कमिटच्या सह्या निरर्थक होतात आणि प्रत्येक सहकाऱ्याचा संगणकावरील क्लोन नव्या रिपॉझिटरीशी जुळेनासा होतो. शिवाय एकदा जगजाहीर झालेली किल्ली पुसून काही साधत नाही. ती रद्द करून नवी घेणे हाच उपाय आहे. सफाई खरोखर हवीच असेल तर ती वेगळ्या वेळी, वेगळी सूचना देऊन करावी.

देवनागरी फाइलनावे असलेल्या प्रकल्पांनी आणखी एक गोष्ट तपासावी. गिट मुळात अशा नावांच्या जागी अवतरणचिन्हांत तिरप्या रेघा आणि आकडे दाखवते, ‘कोअर.कोटपाथ’ ही मांडणी बंद केली की नावे वाचता येतात. हा केवळ दिसण्याचा प्रश्न झाला. त्याहून चिवट प्रश्न ‘ऱ’चा आहे. युनिकोडमध्ये हे अक्षर एका संकेतानेही लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडून दोन संकेतांनीही लिहिता येते, पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. मॅकच्या जुन्या फाइलप्रणालीत नावे दुसऱ्या पद्धतीने साठवली जात. त्यामुळे ‘फेऱ्या’ या नावाची एकच फाइल दोन सहकाऱ्यांच्या हातून दोन वेगळ्या फाइली म्हणून रिपॉझिटरीत शिरू शकते. बसच्या वेळापत्रकाच्या प्रकल्पात हा शब्द येणारच. अशी जोडी आढळली तर ब्लॉकच्या आधी एका साध्या कमिटने ती एक करावी, म्हणजे नव्या जागी चाचण्या अडखळल्यास दोष स्थलांतराला दिला जाणार नाही.

प्रकल्प अजून सबव्हर्जन या जुन्या प्रणालीवर असेल तर काम मोठे आहे, कारण तेथे इतिहासाचे रूपांतरच करावे लागते. जुन्या वापरकर्तानावांसमोर पूर्ण नाव आणि ईमेल असलेली लेखकांची फाइल आधी तयार करावी, रूपांतर दोनतीनदा करून पाहावे आणि मगच ब्लॉक घ्यावा. जीसीसी या कंपायलरसारख्या प्रचंड प्रकल्पाने जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जनवरून गिटवर येताना हेच कष्ट घेतले.

इश्यू आणि त्यांचे क्रमांक

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. ‘#४२ मधील दोष दुरुस्त’ असे कमिटच्या संदेशात लिहिलेले असते आणि तो संदेश बदलता येत नाही. नव्या जागी ४२ क्रमांकावर भलतीच गोष्ट बसली, तर सगळा इतिहास चुकीच्या दिशेने बोट दाखवू लागतो. म्हणून आयात नेहमी रिकाम्या प्रकल्पात आणि सर्वांआधी करावी. फोर्जेओवर इश्यूंसह स्थलांतर करण्याची सोय रिपॉझिटरी निर्माण करतानाच मिळते. आधी रिकामी रिपॉझिटरी काढून तिच्यात कोड ढकलला की ती संधी जाते. जुन्या संकेतस्थळाचे प्रवेश टोकनही (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) सोबत द्यावे, कारण गिटहब टोकनशिवाय येणाऱ्याला तासाला ६० विनंत्या देते आणि टोकन असलेल्याला ५,०००. काहीशे इश्यू आणि त्यांवरील प्रतिक्रिया वाचायला ६० अगदीच अपुऱ्या आहेत.

क्रमांकांची पद्धतही सगळीकडे एक नाही. गिटहब आणि फोर्जेओवर इश्यू आणि पुल रिक्वेस्ट एकाच क्रमांकमालेत येतात. गिटलॅबवर दोन स्वतंत्र माला असतात आणि मर्ज रिक्वेस्टपुढे (पुल रिक्वेस्टचे तेथील नाव) उद्गारचिन्ह लागते. त्यामुळे जुन्या संदेशातील #४२ ही पुल रिक्वेस्ट असेल, तर गिटलॅबवर तो दुवा आपोआप जुळेल असे धरून चालू नये. बदलता क्रमांक पत्करून वाट काढणारे प्रकल्पही आहेत. पायथनने एप्रिल २०२२ मध्ये आपली जुनी दोषनोंदवही गिटहबवर आणली तेव्हा क्रमांक बदलले, पण जुन्या आणि नव्या क्रमांकांना वेगळे उपसर्ग असल्याने संदर्भ ओळखता येतात. झिग या भाषेच्या प्रकल्पाने नोव्हेंबर २०२५ मध्ये गिटहब सोडून कोडबर्ग गाठताना जुने इश्यू जागेवरच ठेवले आणि नव्या इश्यूंची माला ३०,००० पासून सुरू केली, म्हणजे दोन मालांची टक्करच होऊ नये. इश्यू फार असतील आणि बहुतेक शिळे असतील तर ही युक्ती लहान गटालाही परवडते.

आयात केलेल्या प्रतिक्रिया अनेकदा आयात करणाऱ्याच्याच खात्यावर उमटतात आणि मूळ लेखकाचे नाव मजकुरात उरते. ज्या प्रवाशाने चिकाटीने घोडबंदर रस्त्यावरील प्रत्येक चुकीचा थांबा नोंदवला, त्याचे श्रेय असे दुसऱ्याच्या नावे जाणे बरे दिसत नाही. सहकाऱ्यांना नव्या जागी आधीच खाते काढायला सांगावे आणि संकेतस्थळ जुन्या लेखकाला नव्या खात्याशी जोडण्याची सोय देत असेल तर ती वापरावी. प्रतिक्रियांत चिकटवलेली चित्रे हाही एक सापळा आहे: मजकूर नव्या जागी येतो, पण पडद्याच्या छायाचित्रांचे दुवे जुन्याच संकेतस्थळाकडे पाहत राहतात. ती वेगळी उतरवून ठेवावीत.

चाचण्या आणि गुपिते

गिटहब अ‍ॅक्शन्सच्या फाइली (तेथील स्वयंचलित चाचण्यांची मांडणी) फोर्जेओवर थोड्या फेरफाराने चालू शकतात. गिटलॅबसाठी त्या नव्याने लिहाव्या लागतात. त्याहून महत्त्वाचे असे की गिटहबवर एकदा साठवलेले गुपित पुन्हा वाचता येत नाही. अँड्रॉइड अ‍ॅपवर सही करण्याची किल्ली केवळ तेथेच असेल, तर स्थलांतराआधी तिची मूळ प्रत कोणाकडे आहे ते शोधावे. ती हरवली आणि नव्या किल्लीने सही केली, तर लोकांच्या फोनमधील अ‍ॅपवर पुढची आवृत्ती चढणार नाही. त्यांना अ‍ॅप काढून पुन्हा घ्यावे लागेल. बाकीची टोकने जुनीच वापरू नयेत, नवी काढावीत.

पत्ते

जुना पत्ता कोठे कोठे छापला गेला आहे याचा शोध नेहमी अंदाजापेक्षा लांबतो. सबमॉड्यूलची (आत जोडलेल्या इतर रिपॉझिटऱ्यांची) फाइल, पायपीआय या पायथन पॅकेजच्या साठ्यावरील प्रकल्पाचे दुवे, एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत अँड्रॉइड भांडाराच्या नोंदीतील स्रोताचा पत्ता, वेबलेट या भाषांतर-सेवेवर चालणारे मराठी भाषांतर, अ‍ॅपमधील ‘आमच्याविषयी’चे पान या प्रत्येक ठिकाणी बदल हाताने करावा लागतो आणि एफ-ड्रॉइडसारख्या ठिकाणी तो बदल मागणी करूनच मिळतो. गो भाषेत तर पॅकेजच्या नावातच संकेतस्थळाचा पत्ता असतो. तेथे स्वतःच्या डोमेनवरचा आयातमार्ग वापरणे हा टिकाऊ उपाय आहे, कारण पुढच्या वेळी डोमेनवरील एका ओळीत काम भागते. डोमेन एकाच सदस्याच्या नावावर असेल, तर नूतनीकरणाची तारीख निदान दोघांना ठाऊक असावी. सहकाऱ्यांना आपापल्या संगणकावर ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ ही एकच आज्ञा द्यायची असते. ती सूचनेत पूर्ण लिहून द्यावी.

जुनी जागा

जुनी रिपॉझिटरी पुसू नये. ‘रीडमी’ या ओळखीच्या फाइलमध्ये सर्वांत वर नवा पत्ता लिहून, ती शेवटची कमिट करून, मग रिपॉझिटरी संग्रहित म्हणजे केवळ वाचनीय करावी. क्रम उलटा झाला तर त्या फाइलमध्ये बदल करता येत नाही. खाते पुसल्यास ते नाव दुसरा कोणी घेऊ शकतो आणि जुन्या पत्त्यावरून कोड ओढणाऱ्या लोकांपुढे स्वतःचा कोड ठेवू शकतो. ही भीती काल्पनिक नाही. असे हल्ले झालेले आहेत. २०१६ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने सुरू केलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहाला दोन्ही पत्ते जतनासाठी कळवावेत. त्याला खाते लागत नाही.

आयातीसाठी काढलेले टोकन त्याच दिवशी रद्द करावे. जुन्या खात्याला जोडलेला ईमेल पुढेही कोणीतरी उघडत राहील याची व्यवस्था करावी, कारण जुन्या पत्त्यावर पोहोचलेले लोक आणि त्या संकेतस्थळाच्या सूचना तेथेच येत राहतात.