चोरीला गेलेले स्टीम खाते परत कसे मिळवावे

नेहमीचा पासवर्ड चालेनासा होतो आणि ईमेल उघडल्यावर ‘तुमच्या खात्याचा ईमेल पत्ता बदलण्यात आला आहे’ असा स्टीमचा (संगणकीय खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा) संदेश दिसतो, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात माणूस घाईने जे करतो, त्यानेच बरेचदा नुकसान वाढते. माझ्या भाच्याच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. ‘मी बनवलेला खेळ जरा खेळून बघ’ असे सांगून डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर ओळखीच्या नावाने आलेली फाइल त्याने उघडली होती. खात्यात काहीतरी गडबड आहे हे लक्षात येताच त्याने त्याच संगणकावरून दोनदा पासवर्ड बदलला आणि दोन्ही वेळा नवा पासवर्ड चोराच्या हाती आयताच पडला, कारण माहिती चोरणारा प्रोग्राम त्या संगणकात अजून चालूच होता.

म्हणून आधी संशयित संगणकाचे इंटरनेट बंद करा आणि पुढचे सगळे काम दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून करा. संगणकाची अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा आणि तरीही शंका उरली, तर विंडोज नव्याने टाकून घ्या. मधल्या काळात खात्याला जोडलेल्या ईमेलचा पासवर्ड बदला, त्यावर दुहेरी पडताळणी लावा आणि अनोळखी उपकरणांना तेथून बाहेर काढा. जीमेल असेल तर सेटिंगमधील फिल्टर आणि फॉरवर्डिंग हे दोन भाग आवर्जून उघडून पाहा. स्टीमकडून आलेले पत्र परस्पर कचरापेटीत टाकणारा फिल्टर चोराने लावून ठेवलेला असू शकतो, आणि तो तसाच राहिला तर स्टीमने पाठवलेला कोड तुम्हाला कधी दिसणारच नाही.

ईमेल सुरक्षित झाल्यावर ब्राउझरमध्ये हेल्प.स्टीमपॉवर्ड.कॉम (help.steampowered.com) हा पत्ता स्वतः टाइप करा. गूगलवर ‘स्टीम कस्टमर केअर नंबर’ असे शोधू नका. स्टीम दूरध्वनीवरून मदत देत नाही, त्यामुळे असा जो क्रमांक सापडेल तो ठगाचाच समजावा. तसेच डिस्कॉर्डवर किंवा चॅटवर ‘मी स्टीमचा कर्मचारी आहे’ असे सांगणाराही ठगच समजावा. या मदत पानासाठी लॉगिनची गरज नसते. तेथे खाते चोरीला गेल्याचा पर्याय निवडून खात्याचे नाव, ईमेल किंवा मोबाइल क्रमांक द्यावा. मित्रांना दिसणारे टोपणनाव आणि लॉगिनसाठीचे खात्याचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोपणनाव चोर क्षणात बदलतो. खात्याचे नाव मात्र बदलता येत नाही. ते आठवत नसेल, तर खरेदीच्या जुन्या पावत्यांवर छापलेले असते. मित्राच्या यादीतून तुमच्या प्रोफाइलचा दुवा मागवला, तर त्यात बहुधा ७६५६११९ ने सुरू होणारा सतरा अंकी क्रमांक मिळतो आणि खाते नेमके कोणते, हे त्यावरूनही सांगता येते.

ईमेल किंवा मोबाइल अजून जोडलेला असेल, तर त्यावर आलेला कोड टाकून काही मिनिटांत काम होते. दोन्ही बदलले गेले असतील, तर ‘आता माझ्याकडे याचा ताबा नाही’ अशा अर्थाचा पर्याय निवडत पुढे जावे; शेवटी मालकीचा पुरावा मागणारा अर्ज उघडतो. सगळा भर या अर्जावर असतो, म्हणून तो शांतपणे भरावा. आपल्या ईमेलमध्ये स्टीमच्या नोरिप्लाय पत्त्यावरून आलेली पत्रे शोधा आणि सर्वांत जुन्या पावतीपर्यंत मागे जा. खाते उघडताना दिलेला पहिला ईमेल, पूर्वी जोडलेले मोबाइल क्रमांक, जुन्या खरेदीचे व्यवहार क्रमांक, आणि दुकानातून आणलेल्या डीव्हीडीच्या डबीतील सक्रियता कोडचा फोटो, यांतले जे असेल ते द्या. भारतात स्टीमवर रुपयांत किमती नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाल्या, त्यामुळे त्याआधीच्या पावत्या डॉलरमध्ये असतील. रक्कम पावतीवर आहे तशीच लिहावी. कार्डाबद्दल अर्जात विचारले असेल तेवढेच सांगा. संपूर्ण क्रमांक, सीव्हीव्ही, पिन किंवा ओटीपी देऊ नका. मजकूर छोटा आणि मुद्द्याचा असावा. उत्तर यायला वेळ लागला तरी नवा अर्ज करू नका. जास्तीची माहिती पहिल्याच अर्जात जोडा.

चोराने तुमच्या कार्डावरून खरेदी केली असेल, तर लगेच बँकेकडे पैसे परत मागण्याचा मोह होतो. येथे थोडे थांबावे, कारण बँकेमार्फत व्यवहार उलटवला की स्टीम खात्यावर निर्बंध घालते आणि मिळत आलेले खाते पुन्हा अडकते. कार्ड लगेच ब्लॉक करा, मात्र स्टीमवरील खरेदीची तक्रार आधी स्टीमकडेच करा. स्टीमबाहेर पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विलंब न करता फोन करा. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खाते हाती आल्यावर पासवर्ड बदला, इतर सर्व उपकरणांची परवानगी रद्द करा आणि जोडलेला मोबाइल क्रमांक तुमचाच आहे ना, हे तपासा. त्यानंतर स्टीम कम्युनिटी या स्टीमच्याच संकेतस्थळावरील वेब एपीआय कीचे (दुसऱ्या प्रोग्रामला तुमच्या खात्यापर्यंत पोहोचू देणाऱ्या किल्लीचे) पान उघडा. ही पायरी हमखास राहून जाते. चोराने तेथे स्वतःसाठी की तयार केली असेल, तर पासवर्ड बदलूनही तो तुमच्या ट्रेडवर (खेळांतल्या वस्तूंच्या देवाणघेवाणीवर) नजर ठेवू शकतो आणि खऱ्या ट्रेडच्या जागी खोटा घुसवू शकतो. तुम्ही स्वतः तयार न केलेली की दिसली, तर ती रद्द करा.

ट्रेडमधून गेलेल्या वस्तू स्टीमचा मदत विभाग परत देत नाही, हे कटू वाटले तरी आधीच मनाशी पक्के केलेले बरे. अपवाद काउंटर-स्ट्राइक २ या खेळातील वस्तूंचा आहे: जुलै २०२५ पासून त्यांचे ट्रेड सात दिवसांच्या आत ट्रेडच्या इतिहासातून उलटवता येतात, म्हणून तेवढी घाई जरूर करा. चोराने खेळात लबाडी करून व्हॅक बंदी (लबाडी पकडणाऱ्या स्टीमच्या यंत्रणेने घातलेली बंदी) ओढवून घेतली असेल, तर ती मात्र उठवली जात नाही.

शेवटी स्टीमच्या मोबाइल अ‍ॅपमधील स्टीम गार्ड ही दुहेरी पडताळणी सुरू करा. ते सुरू करताना इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा पुनर्प्राप्ती कोड मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. तो वहीत लिहून ठेवा. स्टीमची लॉगिन खिडकी एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर उघडली, तर ती माउसने पकडून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहा. खरी स्वतंत्र खिडकी सहज बाहेर येते, पानावर रंगवलेली खोटी खिडकी कडेलाच अडते. ती अडली, तर पासवर्ड न टाकता पान बंद करा.