फेयर कर्नलच्या अभिसरणाचा वेग कसा काढावा

१९०० मध्ये हंगेरियन गणितज्ञ लिपोट फेयर यांनी दाखवले की संतत आवर्ती फलनाच्या फूरिए श्रेणीतील आंशिक बेरजांची सरासरी त्या फलनाकडे एकसमान अभिसरण पावते. ती किती वेगाने जाते, हे ठरवण्यासाठी बहुतेक जण आधी फलनाचा गुळगुळीतपणा पाहतात. माझ्या मते आधी कर्नलची, म्हणजे ज्या भारफलनाने फलनाच्या किमती भारित करून ही सरासरी मिळते त्याची, शेपटी (शून्यापासून दूरचा भाग) पाहावी.

फेयर कर्नल धन असून त्याचे एकूण वजन १ आहे. म्हणून एखाद्या बिंदूपाशी येणारी त्रुटी म्हणजे तेथून टी अंतरावर फलनात पडणाऱ्या फरकाची कर्नलने भारित केलेली सरासरी होय. फरक टीच्या अल्फाव्या घाताच्या मर्यादेत असेल, तर कर्नलचे अल्फाव्या क्रमाचे परिबल (टीच्या अल्फाव्या घाताची कर्नलने भारित सरासरी) काढणे एवढेच काम उरते. सरासरीत घेतलेल्या आंशिक बेरजांची संख्या एन धरू. शून्यापासून १/एन अंतरापर्यंत कर्नलची उंची एनच्या पटीत असते आणि त्यापुढे तो १/(एन × टी²) च्या पटीत घटतो. संकलन या दोन भागांत तोडल्यावर अल्फा १ पेक्षा कमी असताना त्रुटी एनच्या उणे अल्फाव्या घाताइतकी येते, पण अल्फा १ होताच दुसऱ्या भागातून लॉगॅरिदम निघतो आणि मर्यादा (लॉग एन)/एन होते. हा लॉग अंदाजातील ढिलाई नाही: |साइन एक्स| हे फलन घेऊन शून्यापाशी त्रुटी मोजली, तर कर्नल धन असल्यामुळे काहीच रद्द होत नाही आणि तेवढीच त्रुटी खरोखर येते.

यानंतर कोसाइन एक्स घेऊन पाहावे. एन आंशिक बेरजांच्या सरासरीत त्याचा गुणक १ – १/एन होतो, म्हणजे इतक्या गुळगुळीत फलनालाही १/एन पेक्षा चांगला वेग मिळत नाही. यालाच संपृक्तता म्हणतात.

वेग वाढवायचा असेल तर फेयर कर्नलचा वर्ग करून त्याचे एकूण वजन पुन्हा १ करावे. हा जॅक्सन कर्नल होय. त्याची शेपटी टीच्या चौथ्या घाताने घटते, दुसरे परिबल १/एन² च्या पटीत येते, आणि दोनदा अवकलनीय, संतत द्वितीय अवकलज असलेल्या फलनासाठी त्रुटीही तेवढीच राहते. धन कर्नलला याहून पुढे जाता येत नाही, कारण एन घातांकाच्या धन त्रिकोणमितीय बहुपदीत, स्थिर पद १/२ धरल्यास, कोसाइन एक्सचा गुणक कोसाइन (पाय/(एन + २)) पेक्षा मोठा होऊच शकत नाही, म्हणजे कोसाइन एक्सच्या बाबतीत १/एन² च्या पटीतली त्रुटी उरतेच.

पुढचा वेग हवाच असेल तर धनता सोडावी. २एन बेरजांच्या सरासरीच्या दुपटीतून एन बेरजांची सरासरी वजा केली की बेल्जियन गणितज्ञ द ला व्हाले पूसाँ यांची सरासरी मिळते. एन घातांकापर्यंतची प्रत्येक त्रिकोणमितीय बहुपदी ती जशीच्या तशी परत देते, तिच्या कर्नलच्या निरपेक्ष मूल्याचे वजन ३ च्या आत राहते, आणि म्हणून तिची त्रुटी त्या घातांकाच्या बहुपदींनी होणाऱ्या सर्वोत्तम सन्निकटनाच्या त्रुटीच्या चौपटीहून अधिक होत नाही.