'अपुरे प्रतिनिधित्व' लिहिताना या चुका टाळा

बातमीत 'अपुरे प्रतिनिधित्व' घातलं की ती आपोआप गंभीर होते, अशी डेस्कवरच्या नव्या मुलांची समजूत असते. त्यातून होणारी सर्वात चीड आणणारी चूक म्हणजे राखीव जागा नसणं आणि प्रतिनिधित्व नसणं एकच धरणं.

गोवा विधानसभेत अनुसूचित जमातींसाठी जागा राखीव करण्याची वाट मोकळी करणारं विधेयक ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलं. त्या संध्याकाळी एका शिकाऊ मुलाचा मथळा आला: 'आदिवासींना विधानसभेत प्रथमच प्रतिनिधित्व'. विचारलं, "अरे, सभापतींच्या खुर्चीत कोण बसलंय?" तेव्हा होते काणकोणचे रमेश तवडकर, अनुसूचित जमातीतलेच, सर्वसाधारण जागेवरून निवडून आलेले. पोरगा म्हणतो, "सर, पण व्हॉट्सॲपवर सगळे असंच लिहितायत." हाच तुमचा संदर्भग्रंथ! गावडा, कुणबी, वेळीप 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले. 2011 च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमाती 10.23 टक्के, म्हणजे 40 जागांत चारेक. त्यांच्यासाठी राखीव मात्र एकही नव्हती. निवडून यायचं ते पक्षाने सर्वसाधारण जागेवर तिकीट दिलं तर. तक्रार रास्तच, पण ती हक्काच्या जागेची.

दुसरा गोंधळ 'अल्पसंख्य'शी. 'विधानसभेत महिला अल्पसंख्याक' हे वाक्य मी कितीदा खोडलंय! 2011 मध्ये गोव्यात हजार पुरुषांमागे 973 स्त्रिया होत्या. 2022 ला आमदार झाल्या 3. जवळपास निम्म्या लोकसंख्येला अल्पसंख्याक कसं म्हणणार? समाजात त्या भरपूर आहेत, सभागृहात नाहीत. उलट एखाद्या छोट्या समाजाला वाट्यापेक्षा जास्त जागाही मिळू शकतात.

'अल्पप्रतिनिधित' असलं काही लिहू नका. 'अमुक समाजाला पुरेसं प्रतिनिधित्व नाही' म्हणा, झालं.

'मागास' हा 'अपुरे प्रतिनिधित्व'चा पर्यायी शब्द नाही. राज्यघटनेच्या कलम 16(4) खाली सरकारी नोकऱ्यांत आरक्षण द्यायचं तर मागासपण आणि त्या सेवांतलं अपुरं प्रतिनिधित्व दोन्ही लागतं.

आणि पणजी मार्केटात दहा जणांना विचारून 'गोमंतकीयांचे मत' छापायचं असेल, तर तिथे अपुरं प्रतिनिधित्व समाजाचं नाही, दोष तुम्ही निवडलेल्या नमुन्याचा.

मी कॉपीच्या समासात पेन्सिलीने दोन आकडे लिहितो: लोकसंख्येतला वाटा आणि सभागृहातला वाटा. एक जरी रिकामा राहिला तरी शब्द काटतो. "वेळ नव्हता सर" म्हणणाऱ्याची कॉपी तशीच परत जाते, पान थांबलं तरी.