काळा दगड दिसला की लगेच अशनी समजू नका

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा नागपूरजवळच्या मनसरकडून येताना रस्त्याच्या कडेचा एक काळा दगड उचलून घेऊन आला आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या ओरडला, मामा, उल्का सापडली! हातात घेतला तर खरंच जड, मुठीएवढाच पण हात खाली जावा असा. मी काही न बोलता बाथरूमच्या टाइलचा एक उरलेला तुकडा आणला, त्याच्या मागच्या बाजूवर दगड घासला, भुरकट काळी रेघ उमटली आणि पोराचं तोंडच पडलं. अशनी, म्हणजे आकाशातून जमिनीवर पडलेला उल्केचा दगड, अशी गडद रेघ सहसा सोडत नाही. तो मॅंगनीजचा दगड होता, अन् मनसरला मॅंगनीजच्या खाणीच आहेत त्यामुळे त्यात नवल काहीच नव्हतं.

तर सांगायचं हे की रंग पाहून खनिज ओळखायला जाऊ नका, रंग सगळ्यात जास्त फसवतो. आणि नागपुरात तर फारच, कारण शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक), पूर्वेला जुना ग्नाइस (पट्टेदार खडक), कामठीकडे कोळशावाले गोंडवाना खडक अन् रामटेक-मनसरकडे मॅंगनीजचा पट्टा. एका रविवारी गाडी घेऊन फिरलात तर डिक्कीत पाच प्रकारचे काळे आणि पाच प्रकारचे पांढरे दगड जमतात, आणि घरी आल्यावर सगळे सारखेच दिसून राहिले असतात.

सामान फार लागत नाही. टाइलचा तुकडा (मागची बाजू पांढरी पाहिजे, लालसर नको), जुन्या स्पीकरमधला चुंबक, लोखंडी खिळा, काचेचा तुकडा, तांब्याची तार, किचनमधला डिजिटल काटा, थोडं व्हिनेगर आणि एक भिंग. नाण्यानं ओरखडा मारून बघा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते तांब्याच्या नाण्यासाठी आहे, आपली आताची नाणी स्टीलची किंवा इतर मिश्रधातूंची आहेत, ती वापराल तर सगळं गणित चुकेल, म्हणून तार.

आधी दगड फोडून ताजी बाजू काढा. गोणपाटात गुंडाळून हातोडा मारायचा आणि डोळ्यावर चष्मा पाहिजेच, कपची उडते. वरचं गंजलेलं, मातकट साल बघून काहीच कळत नाही.

मग रेघ. काळ्या दगडांसाठी याच्यासारखी टेस्ट नाही. हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं एक खनिज, बाहेरून काळा असो नाहीतर चांदीसारखा चकाकणारा, रेघ लालच येते, गेरूसारखी, आणि येणारच कारण गेरू म्हणजे हेमॅटाइटचीच माती. मॅग्नेटाइट हेही लोखंडाचंच खनिज, त्याची रेघ काळी अन् चुंबक टप्पकन चिकटतो. पायरोलुसाइट, म्हणजे मॅंगनीजचं एक खनिज, याची रेघ काळीकुट्ट, बऱ्याचदा नुसतं हाताळलं तरी बोटं काळी होतात. ब्राउनाइट हे पण मॅंगनीजचंच पण ते कडक असतं, काचेवर ओरखडा मारतं, रेघ काळपट तपकिरी. सोन्यासारखा पिवळा दिसणारा पायराइट तर हिरवट काळी रेघ देतो, खऱ्या सोन्याची रेघ पिवळीच. गारगोटी मात्र टाइलपेक्षा कडक, ती टाइललाच खरवडते आणि जी पांढरी पूड दिसते ती टाइलची असते, दगडाची नाही, इथे नवीन माणूस हमखास फसतो.

बेसॉल्टचा तुकडा आला तर एक लक्षात ठेवा, तो खडक आहे, म्हणजे अनेक खनिजांची खिचडी, एक खनिज नव्हे. त्यात बारीक मॅग्नेटाइट असतं म्हणून दोऱ्याला टांगलेला चुंबक त्याच्याकडे थोडा कलतो. एवढ्यावरून लोखंडाची खाण सापडली म्हणून नाचू नका.

आता वजन. नुसतं हातात तोलणं ठीक आहे, पण काट्यावर करायला मजा येते. आधी कोरडा दगड मोजा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, दगड दोऱ्याला बांधून पूर्ण पाण्यात बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचा नाही, आणि काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागा, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड ते कळतं. समजा कोरडा ५३ ग्रॅम आणि बुडवल्यावर काट्यावर २०, तर उत्तर २.६५, म्हणजे गारगोटीची शक्यता. ९४ ग्रॅमला २० आले तर ४.७, ब्राउनाइट साधारण तिथेच असतं. बेसॉल्ट ३ च्या आतबाहेर, हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट ५ च्या वर, गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज ७.५. छिद्रं असलेला दगड असेल तर आकडा गंडतो, आधी पाण्यात हलवून बुडबुडे जाऊ द्या.

कडकपणा मोजायची पट्टी मोह्स नावाच्या माणसानं १८१२ ला केली, १ ला टाल्क (आपलं संगजिरं) आणि १० ला हिरा. ही पट्टी क्रमाची आहे, मापाची नाही, म्हणजे ९ चा कोरंडम ४.५ चा दुप्पट कडक असं नसतं. आपल्या कामापुरतं एवढं बस: नख साधारण २.५, तांब्याची तार ३, काच ५.५, गारगोटी ७. ओरखडा दिसला की ओल्या बोटानं पुसून बघा, पुसला गेला तर ती नुसती पूड होती.

पांढऱ्या दगडांत हीच टेस्ट आधी करायची. नखानं ओरखडा पडला तर जिप्सम. खिळ्यानं पडला आणि तुकडे तिरप्या चौकटीसारखे, सगळ्या बाजूंनी सपाट फुटले तर कॅल्साइट, त्याचा स्वच्छ तुकडा छापलेल्या अक्षरांवर ठेवला तर अक्षरं दोन-दोन दिसतात. त्याची थोडी पूड करून त्यावर व्हिनेगर टाकलं की फेस येतो. काचेवर ओरखडा मारतो पण दोन सपाट पृष्ठांवर जवळपास काटकोनात फुटतो तो फेल्डस्पार, आणि काच कापतो पण फुटल्यावर शिंपल्यासारखे गोलसर खड्डे पडतात ती गारगोटी. मागे एका जत्रेत मी ‘अस्सल स्फटिक’ म्हणून माळ घेतली होती, घरी भिंगातून बघितलं तर आत गोल बुडबुडे, काच होती. गेले पैसे.

बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळणारी झिओलाइट गटातली खनिजं वेगळी. विहिरीच्या खोदकामाच्या ढिगाऱ्यात बघा. स्टिल्बाइटचे स्फटिक गव्हाच्या पेंढीसारखे मध्ये आवळलेले, वर मोत्यासारखी चमक, वजनाला हलके, २.२ च्या आसपास, व्हिनेगरला दाद देत नाहीत. पण अपोफायलाइट सोबत असतं आणि ते झिओलाइट नाही, जरी दुकानदार एकाच टोपलीत टाकतात.

माझं लाडकं कायनाइट, भंडाऱ्याकडे मिळतं. निळी लांबट पट्टी. खिळ्यानं लांबीच्या दिशेनं ओरखडा पडतो, आडवा मारला तर खिळाच हरतो. एकाच स्फटिकाला दोन कडकपणा, ४.५ आणि जवळपास ७, दुसऱ्या टेस्टची गरजच नाही.

खाणीत परवानगीशिवाय जाऊ नका, अन् मनसरच्या टेकडीवर वाकाटककाळातले अवशेष आहेत तिथला एकही दगड उचलू नका. जे सापडेल त्याला कागद चिकटवून गाव, तारीख आणि कुठल्या खडकात होतं ते लगेच लिहा. माझ्या खोक्यात दोन सुंदर दगड आहेत, ब्राउनाइट आहे हे पक्कं कळलं, पण मनसरचं की कांद्रीचं हे आता कोणी सांगणार नाही, कारण त्या दिवशी भूक लागली होती आणि म्हटलं घरी जाऊन लिहू.