आम्लाची संहती: टक्क्यांवरून मोलॅरिटीपर्यंत

कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या मुलांचा रसायनशास्त्राचा गृहपाठ घेताना मला एक गणित हमखास भेटतं. संहत सल्फ्युरिक आम्ल वजनाने ९८ टक्के, घनता १.८४ ग्रॅम प्रति मिलिलिटर, मोलॅरिटी (म्हणजे एका लिटरात किती मोल) काढा. आणि लगेच प्रश्न येतो, "टक्के दिल्यात की सर, मग घनता कशाला?" असं विचारणारं पोर मला आवडतं, कारण गणिताची मेख तिथंच आहे.

टक्के वजनावर सांगितलेत आणि मोलॅरिटी लिटरवर मोजतात. वजनाचं आकारमानाशी नातं जुळवते ती घनता. तेव्हा एक लिटर आम्ल घेतलंय असं धरा. त्याचं वजन १००० × १.८४, म्हणजे १८४० ग्रॅम. त्यातलं ९८ टक्के, सुमारे १८०३ ग्रॅम, निव्वळ आम्ल. एक मोल म्हणजे रेणुवस्तुमानाएवढे ग्रॅम, इथं ९८. त्याने भागलं की १८.४ मोल. झालं उत्तर. गाइडातलं सूत्र याचंच आखूड रूप आहे, पण ते आधी पाठ करू नका. निदान चार-पाच गणितं अशी लांबून सोडवा आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. मग हायड्रोक्लोरिक घ्या: ३७ टक्के, घनता १.१९, रेणुवस्तुमान ३६.५. उत्तर १२ च्या आसपास यायला हवं.

आपल्या भागातल्या मुलांना मी दूध संस्थेचं उदाहरण देतो. फॅट काढायच्या गर्बर पद्धतीत ब्युटिरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या खुणांच्या काचनळीत) १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाइल अल्कोहोल घालतात. बूच लावून हलवलं की नळी हाताला चांगलीच पोळते आणि आतलं मिश्रण तपकिरी होतं. तिथं ९८ टक्क्यांचं आम्ल चालत नाही, फॅट करपतं. फार विरल असेल तर प्रथिनं नीट विरघळत नाहीत. म्हणून ते साधारण ९० टक्के, घनता १.८१ च्या जवळपास ठेवतात. त्याची मोलॅरिटी काढून बघा, १६.६ येते.

पुढं डेअरीच्या किंवा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जायचं असेल, तर नॉर्मॅलिटी पक्की हवी. आम्लाच्या बाबतीत ती म्हणजे मोलॅरिटी गुणिले एका रेणूने दिलेले हायड्रोजन आयन. "०.१ नॉर्मल अर्धा लिटर करा" असं थेट सांगतात. सल्फ्युरिकचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून १८.४ मोलर म्हणजे ३६.८ नॉर्मल. ५०० × ०.१ ÷ ३६.८, म्हणजे जेमतेम १.३६ मिली आम्ल. आधी फ्लास्कमध्ये पाणी, मग त्यात सावकाश आम्ल. उलटं कधीच नाही. थंड झाल्यावर खुणेपर्यंत पाणी भरायचं.

एवढं करूनही ते द्रावण अचूक ०.१ असेलच असं नाही. बाटलीवरचे टक्के ठोकळ असतात आणि उघडं राहिलेलं आम्ल हवेतली ओल ओढतं. म्हणून सुकवलेल्या सोडियम कार्बोनेटशी टायट्रेट करून (म्हणजे त्याच्या मोजून घेतलेल्या वजनाला नेमकं किती आम्ल लागतं ते बघून) जो आकडा येईल, समजा ०.०९८, तोच तारखेसह लेबलवर लिहायचा.