सिडकोच्या गच्चीवरून अंबडच्या गाळ्यात: नागली पापडाच्या धंद्यात नवीन येणाऱ्या ताईंसाठी

आमचं मूळ गाव पेठ तालुक्यात, पण मी वाढले नाशिकच्या सिडकोत. वडील अंबड एमआयडीसीत कंत्राटी कामगार, काम असलं तर पगार, नाहीतर घरी बसायचं, आणि त्या रिकाम्या महिन्यांत घर चाललं ते आईच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या पापडावर. उन्हाळा आला की कॉलनीतल्या बायका नागली आणून द्यायच्या, आई किलोमागे मजुरी घेऊन पापड करून द्यायची, गच्चीभर साड्या अंथरलेल्या असायच्या. कुणाचे किती किलो, कुणाचे पैसे बाकी हे मी शाळेच्या वहीत मागच्या पानावर लिहायचे. मला खूप जणी विचारतात की घरात कुणी धंद्यातलं नव्हतं मग तुला सुचलं कसं, तर माझी आई धंदाच करत होती की, फक्त तिच्याकडे ना लायसन होतं ना बँकेचं खातं.

मी बीकॉम करून काही वर्षं अकाउंट्सची नोकरी केली आणि मग आईचंच काम पुढं न्यायचं ठरवलं. नवीन ताईंना माझं पहिलं सांगणं हेच की मशीनच्या मागे धावू नका, आधी कॉस्टिंग, म्हणजे एक किलो मालाला खरा खर्च किती येतो ते काढायला शिका. त्यात घरच्या बायकांची मजुरी धरा, स्वतःचीसुद्धा. समजा एक किलो पापडाला नागली, तीळ, जिरं, पापडखार मिळून १०० रुपये गेले, दळण, गॅस आणि पाकीट ४०, तर बहुतेक जणी १४०च्या वर थोडं लावून विकून मोकळ्या होतात. पण नागली भिजवणं, पाणी बदलणं, वाळवणं, दळून पीठ चाळणं, उकड काढणं, लाटणं, उलटून पालटून वाळवणं, हे सगळं कुणीतरी केलंय ना? त्याचे ८० धरले की खर्च २२० होतो, आणि दुकानदाराचं मार्जिन त्याच्यावर वेगळं. सासू, जाऊ, मुलगी फुकट राबतात म्हणून स्वस्त दिसणारा माल ऑर्डर वाढली की तोट्यात जातो, कारण मग बाहेरची बाई लावावी लागते आणि ती मजुरी घेणारच, घ्यायलाच पाहिजे. लिज्जत पापड १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, तिथंही लाटणाऱ्या बाईला तिच्या कामाचे पैसे मिळतात. मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

कागदपत्रांना घाबरू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर होते, सरकारी पोर्टलवर फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. फूड लायसनचा १४ अंकी नंबर पाकिटावर छापावाच लागतो, सोबत बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, वजन, एमआरपी आणि हिरवा ठिपका. लेबल छापायला टाकायच्या आधी हे सगळं तपासून घ्या.

कर्जासाठी एका बँकेने मला मिस्टरांना घेऊन या म्हणून परत पाठवलं होतं, फाइल उघडूनही बघितली नाही. राग आला पण मी दुसरी बँक गाठली. मी कर्ज पीएमएफएमईमधून केलं, ही २०२० मध्ये आलेली केंद्राची छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची योजना, आपल्याकडे कृषी विभाग बघतो, मी केलं तेव्हा त्यात ३५ टक्के सबसिडी होती, जास्तीत जास्त १० लाख. अर्ज करायच्या आधी कृषी कार्यालयात चालू वर्षाचे नियम विचारा. एक गोष्ट नीट समजून घ्या, सबसिडी हातात येत नाही, ती बँकेत वेगळी ठेवतात आणि ३ वर्षं खातं आणि युनिट नीट चाललं तर कर्जात वळती होते. म्हणजे हप्ते भरायची ताकद आधी पाहिजे, आणि एकूण खर्चातले आपले १० टक्के घालायची पण. सिडकोतल्या ओळखीच्या एका ताईंनी सबसिडीचे पैसे येतील म्हणून माल उधार उचलला होता, खूप त्रास झाला त्यांना.

कर्जातून मी अंबडला छोटा गाळा भाड्याने घेतला, पीठ मळायचं मशीन आणि ड्रायर घेतला. ड्रायर खर्चिक वाटतो पण नाशिकच्या पावसाळ्यात गच्चीवर काही वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेला पापड पाकिटात गेला की बुरशी ठरलेली, एक परत आलेलं पाकीट दहा गिऱ्हाईकं घेऊन जातं. पापड मोडला की कट्टकन आवाज आला पाहिजे, वाकला तर पॅक करू नका.

विक्रीचं थोडक्यात सांगते. डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनात ओळखी होतात, रोजचा गल्ला मात्र किराणा दुकानातून येतो, तिथं पहिला माल थोडा द्या आणि पैसे आल्याशिवाय दुसरा देऊ नका.

आणि नागली पेठ-सुरगाण्याकडून नवीन पीक निघालं की लगेच, डिसेंबर-जानेवारीतच घ्या, वाळवून कोरड्या डब्यांत भरून ठेवा. मार्चला सगळ्यांनाच लागते, तेव्हा भाव आपल्या हातात राहत नाही.